थांबलेली फाईल आणि पांडुरंगाचा कौल

प्रिय ताई,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. दोघंही मूळचे सांगलीकडचे, आता अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्डवाले. नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. दुसरं मूल दत्तक घ्यायचं आणि तेही भारतातूनच, हे आमचं लग्नाआधीपासून ठरलेलं होतं. महाराष्ट्रातल्या एका संस्थेतली चार वर्षांची मुलगी आम्हाला सुचवली गेली. जन्मतः ओठ आणि टाळू दुभंगलेले, दोन्ही शस्त्रक्रिया झालेल्या. आम्ही लगेच होकार कळवला. त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. मध्यंतरी ह्यांनी नोकरी बदलली, आम्ही घर बदललं, मग कसल्याशा मंजुरीची मुदत संपली, मग एजन्सीतली आमची केस बघणारी बाई काम सोडून गेली. सासूबाई वारीला जाणाऱ्या. ‘नात घरी आली की तिला घेऊन पंढरपूरला येईन’ असा नवस त्यांनीच बोललेला. आता त्याच म्हणतात, “एवढी विघ्नं येतात म्हणजे पांडुरंगाच्या मनात नाही.” व्हिडिओ कॉलवर छोटी ह्यांना ‘बाबा’ म्हणायच्या ऐवजी ‘मामा’ म्हणते, त्याचाही त्यांनी अर्थ लावला. दिरांच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्या नर्सिंग होममधून ‘नुकतं जन्मलेलं, धडधाकट बाळ’ मिळू शकतं म्हणे. हे देवाधर्मातले नाहीत आणि आता थकलेत. मी रोज दिवा लावते, पण हात जोडून काय मागायचं तेच कळेनासं झालंय. हा खरंच कौल समजायचा का? थांबावं का? आणि ती आलीच तर तिला हे सगळं कसं सांगू? मला अगं-तुगंच करा.

— एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या ‘मामा’चं बघू, कारण ते सगळ्यांत सोपं आहे. स्वतःचं नाक चिमटीत धर आणि मोठ्यांदा ‘मामा’ म्हण. ‘बाबा’सारखं काहीतरी ऐकू येईल. ब आणि म दोन्हींना ओठ सारखेच मिटतात. फरक इतकाच की ब म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जातो आणि नाकाकडची वाट बंद करतो, म म्हणताना ती उघडी राहते. टाळू शिवल्यानंतरही काही मुलांत हा पडदा पुरता बंद होत नाही, हवा नाकातून निसटते, आणि ‘बाबा’चा ‘मामा’ होतो, ‘दादा’चा ‘नाना’. तुझी लेक तुझ्या नवऱ्याला बाबाच म्हणते आहे. सासूबाईंना फोनवर हा नाक धरायचा प्रयोग करायला लाव. त्या हसतील आणि एक अपशकुन तरी यादीतून कमी होईल.

आता फाईल. तू एका ओळीत सहज लिहून गेलीस की मध्ये घर बदललं. पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ तीच आहे. अमेरिकेत दत्तक पालकांची पात्रता ठरते ती त्यांच्या घराच्या पाहणीवरून, म्हणजे होम स्टडीवरून. पत्ता बदलला की जुनी पाहणी अपुरी पडते. नवी नोकरी म्हणजे उत्पन्नाचे नवे कागद. ती पाहणी सुधारून इमिग्रेशन खात्याला पाठवावी लागते, तिच्यावर नवी मंजुरी घ्यावी लागते, आणि त्या मंजुरीलाही मुदत असते. हे होईपर्यंत पुढचं काही हलत नाही. मुलीसाठीची तात्पुरती मंजुरी, मग दिल्लीतल्या अमेरिकन वकिलातीचं, परदेशी दत्तकाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय हेग करारातल्या कलम ५ प्रमाणे पत्र, मग ‘कारा’चं, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचं, ना हरकत प्रमाणपत्र, मग भारतातला दत्तक आदेश, मग त्याच करारातल्या कलम २३ चं प्रमाणपत्र, मुलीचा पासपोर्ट, व्हिसा. एकाच दोऱ्यात ओवलेलं आहे सगळं. तू सांगतेस त्यावरून पहिलाच मणी अडकलेला दिसतो, आणि तो न्यू जर्सीत अडकलाय. पांडुरंगाला उगाच यात ओढू नकोस.

एजन्सीला आजच एक ईमेल लिही आणि त्यात तीनच प्रश्न विचार. सुधारित होम स्टडी कोणत्या तारखेला पूर्ण झाली? मुदतवाढीचा अर्ज कोणत्या तारखेला गेला आणि त्याची पोच कुठे आहे? आमची फाईल आता कोण बघतं, नाव काय? ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर स्वीकारायचं नाही. तारीख मागायची. भारतात अडकलं असेल तर तेही एजन्सीमार्फत काराला लेखी विचारता येतं. तोंडी चौकशा हवेत विरतात आणि माणूस सोडून गेला की त्याच्याबरोबर जातात. तुझ्या बाबतीत तेच झालंय.

सगळाच उशीर मुलाच्या भल्यासाठी असतो असं मी म्हणणार नाही. टेबलावर पडून राहिलेला कागद हा पडून राहिलेला कागदच असतो. पण ही एवढी लांबलचक साखळी मुळात आली कुठून, हे तुम्हा दोघांना माहीत असायला हवं, नाहीतर दिरांचा रस्ता जवळचा वाटायला लागेल. १९८० च्या आसपास भारतातून मुलं परदेशी पाठवताना काय काय चालतं, याची तक्रार करणारं पत्र लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि १९८४ साली न्यायमूर्ती भगवतींच्या निकालातून परदेशी दत्तकासाठीचे पहिले कडक नियम आले. १९९० मध्ये कारा स्थापन झाली. १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये स्वीकारला, अमेरिकेत तो २००८ पासून लागू आहे. त्यानंतरही महाराष्ट्रातल्या संस्थांवर सीबीआयचे छापे पडलेले आपण पाहिले आहेत. आणि दक्षिण कोरियात काय झालं बघ. तिथल्या सत्यशोधन आयोगाने २०२५ च्या मार्चमध्ये सांगितलं की परदेशी दत्तक दिलेल्या मुलांच्या नोंदी खोट्या केल्या गेल्या, आईवडील असलेली पोरं कागदोपत्री अनाथ झाली. त्यातली कितीतरी आज पन्नाशीची आहेत आणि आपली आई शोधत फिरताहेत. तुझ्या फाईलवरचे बरेचसे शिक्के अशा मुलांमुळे आले आहेत.

आता दीर. नर्सिंग होममधून ‘मिळणारं’ बाळ. मला सांग, त्या बाळाला जन्म देणारी बाई कोण आहे? तिला कोणी विचारलंय? आपल्या कायद्यात आई मूल सोपवते तेव्हा ते बालकल्याण समितीसमोर सोपवावं लागतं, आणि नंतर विचार बदलायला तिला साठ दिवस मिळतात. ते साठ दिवस दिरांचे डॉक्टर तिला देणार आहेत का? बालन्याय कायद्याचं कलम ८० अशा परस्पर दत्तकाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. पैसे देऊन मूल घेतलं तर कलम ८१, आणि तिथे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. शिवाय अशा बाळाला अमेरिकेचा व्हिसा मिळणार नाही. गावात भटजी बोलावून दत्तकविधान केलं, रजिस्टर्ड दत्तकपत्र केलं, तरी नुसत्या त्यावर नाही. काराची ना हरकत लागतेच. म्हणजे बाळ तिकडे, तुम्ही इकडे आणि मधे पोलीस. दिरांना वाईटपणा न घेता पण स्पष्ट शब्दांत सांगा, आणि ते तुझ्या नवऱ्याने सांगावं. सख्ख्या भावाचं ‘नाही’ जास्त लागतं आणि लवकर विसरलंही जातं.

एवढं झालं की तुझा खरा प्रश्न उरतो. हा कौल आहे का?

मी देव मानणाऱ्यांपैकी आहे, म्हणून जरा हक्काने बोलते. अडथळा आला की देवाच्या मनात नाही आणि काम झालं की देवाची कृपा, हा हिशेब आपण आपल्या सोयीने मांडतो. सासूबाईंना वारीत पाऊस लागला तेव्हा त्या मागे फिरल्या होत्या का? मला वाटतं त्यांना आता भीती वाटते आहे. नवस बोलून बसल्या, नात येईना, शेजारीपाजारी विचारतात. ‘देवाच्या मनात नाही’ म्हटलं की तो विषय मिटतो. त्यांच्या बोलण्यामागे रक्ताचा, कुळाचा प्रश्नही कुठेतरी असेल. तू लिहिलं नाहीस, पण बहुतेक घरांत असतो, फक्त तो देवाच्या तोंडून बोलतो. तसं असेल तर त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोल. ज्यांना सगळा महाराष्ट्र माऊली म्हणतो ते आणि त्यांची भावंडं लहानपणीच आईबापांवेगळी झाली होती, आणि ‘संन्याशाची पोरं’ म्हणून त्यांना दारं बंद करणारे लोक स्वतःला मोठे धार्मिकच समजत होते. सासूबाई ज्या पंढरपूरला जातात तिथेच प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ साली टाकून दिलेल्या बाळांसाठी आश्रम काढला, कारण ती गरज पंढरपुरात डोळ्यांसमोर होती. त्याच्याही आधी, १८६३ साली, पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं आणि तिथे जन्मलेला यशवंत स्वतःचा मुलगा म्हणून वाढवला. तो डॉक्टर झाला. वारकरी घरात हे बोलायला लाजायचं कारण नाही.

तुझ्या नवऱ्याबद्दल. तो तुझ्याबरोबर हात जोडत नाही म्हणून तू एकटी पडल्यासारखं लिहिलं आहेस. पण इतके महिने फॉर्म भरले कोणी, बोटांचे ठसे द्यायला रजा कोणी टाकली, टॅक्सचे कागद कोणी जमवले? पत्रातल्या ‘आम्ही’वरून मला तरी दोघांचे हात दिसतात. चिकाटी प्रत्येकाची वेगळ्या रंगाची असते. तू दिवा लावतेस म्हणून त्याने लावायला हवा असं नाही, आणि तो थकला म्हणजे त्याचा जीव उडाला असंही नाही. महिन्यातले काही दिवस ठरवून दत्तकाचा विषय काढूच नका. मुलाला घेऊन कुठेतरी जा. नऊ वर्षांचं पोरही हीच वाट बघत बसलंय आणि त्याला कोणी काही विचारत नाही.

हात जोडून काय मागायचं, असं तू विचारतेस. ‘ती मला मिळू दे’ हे मागणं स्वाभाविक आहे, पण मला ते थोडं अपुरं वाटतं. ती येईलच असं मी तुला लिहून देऊ शकत नाही. होकारानंतरही कधी कधी गोष्टी फिसकटतात. आपल्याच पदरात पडण्यावर सगळी श्रद्धा लावली तर एका सरकारी पत्राने ती कोसळेल. ती मुलगी जिथे असेल तिथे तिला नीट जेवण मिळावं, तिचं बोलणं कोणीतरी ऐकून घ्यावं, आणि आपल्या हातून आळसाने एकही कागद मागे राहू नये, एवढं मागता येतं. यातलं शेवटचं तर देवाकडे मागायचीही गरज नाही.

थांबावं का? माझं उत्तर, नाही. आत्ता नाही. फाईल नाकारलेली नाही, अडलेली आहे, आणि ती सुटेल असं कारण दिसतंय. आणखी एक बघ. कायदा आधी देशातलं घर शोधायला सांगतो. साठ दिवसांत ते सापडलं नाही तर परदेशाचं दार उघडतं, आणि अपंगत्व असलेली मुलं, भावंडं, पाच वर्षांवरची मुलं यांना तिथे प्राधान्य देता येतं. ओठांवरचा व्रण आणि नाकातलं बोलणं असलेली मुलगी तुमच्यापर्यंत आली ती अशा वाटेने आली आहे. तिच्यासाठी दुसरं कोणी येणारच नाही असं म्हणून मी तुला अडकवत नाही. पण वय वाढतं तसे विचारणारे कमी होतात, हे या क्षेत्रातलं कोणीही सांगेल. सुधारित पाहणी पूर्ण होऊनही, सगळे कागद जागेवर असूनही बराच काळ काही हललं नाही, तर मग दोघांनी बसून पुन्हा विचार करा. आज तो दिवस नाही.

आता तिला काय सांगायचं ते, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. ‘देवाने तुला आमच्यासाठीच राखून ठेवलं होतं’ हे वाक्य तिच्यापुढे कधी बोलू नका. तुला ते गोड वाटेल. ती दहा-बारा वर्षांची झाली की त्याचा हिशेब मांडेल: म्हणजे तुम्हाला मुलगी हवी होती म्हणून देवाने मला माझ्या आईपासून तोडलं? तसंच ‘नवसाची’. नवसाच्या पोरीवर आयुष्यभर कृतज्ञ राहायचं ओझं येतं. ती चिडेल, दार आपटेल, ‘तू माझी खरी आई नाहीस’ म्हणेल. नवसाने आलेल्या मुलीला हे सगळं करायची मुभा कुठून मिळणार? सासूबाईंना नवस फेडायचा असेल तर खुशाल फेडू देत. नंतर कधीतरी तिला पंढरपूरला न्या, चंद्रभागेत पाय बुडवा, पेढे खा. पण तिला देवापुढे उभं करून ‘ही बघ, तू दिलेली’ म्हणायचं नाही.

सांगायचं ते फाईलमध्ये आहे तेवढंच, खरं खरं. तिचा बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल तुमच्याकडे आलाय, तो जपून ठेव. कुठे सापडली की कोणी सोपवली, तिचं नाव कोणी ठेवलं, शस्त्रक्रिया कधी झाल्या. जन्मदात्या आईबद्दल कागदात जे नाही ते रचून सांगू नका, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. ‘तुला नीट सांभाळता येईना म्हणून तिने…’ हेसुद्धा रचलेलंच असतं बहुतेक वेळा. अठरा वर्षांची झाली की आपल्या मुळाचा शोध घ्यायचा अर्ज ती स्वतः करू शकते. भारतीय नियमांत ती सोय आहे, फक्त तिच्या वतीने तिसऱ्या कोणाला तो करता येत नाही, आणि जन्मदात्या आईचं खासगीपण राखलं जातं. ते दार तिच्यासाठी उघडं आहे हे तिला तुमच्याकडूनच कळू दे.

ती आली की पहिले काही आठवडे रडेल. संस्थेतल्या मावशींसाठी रडेल. तिची माणसं त्याच आहेत. तू तिथे कितीही प्रेमाने गेलीस तरी तिच्या बाजूने बघितलं तर तिला ओळखीच्या माणसांतून उचलून विमानात बसवलं जाणार आहे. तेव्हा जाशील त्या वेळी मावशींबरोबर तिचे फोटो काढ, त्यांचा आवाज रेकॉर्ड करून घे, भात कसा कालवतात ते विचार. टाळूची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना कशाचा ठसका लागतो, काय नाकात येतं, हे त्या रोज भरवणाऱ्या बाईइतकं कोणत्याच अहवालात नसतं. तिची वापरातली चादर मिळाली तर न धुता आण. आणि व्हिडिओ कॉलवर ‘पुढच्या महिन्यात येतो हं’ असं म्हणू नका. तिला महिना कळत नाही, पण तुम्ही आला नाहीत हे कळतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने फार मोठी आहे. ती मराठी बोलते आणि तुम्हीही. परदेशी जाणाऱ्या बहुतेक मुलांची भाषा विमानतळावरच सुटते. पाणी मागायला शब्द नसतो. तुझ्या घरात ती पहिल्या दिवशी ‘शी आली’ म्हणू शकेल आणि कोणीतरी उठेल. शाळेच्या काळजीने घाईघाईने इंग्रजीकडे वळू नका. इंग्रजी ती शेजारच्या पोरांकडून उचलेल. मुलाला सांग, तिला मराठीतूनच चिडव.

बोलण्याच्या उपचारांना वेळ लागेल. स्पीच थेरपी, कदाचित टाळूवर आणखी एखादी शस्त्रक्रिया, आणि पुढे कायमचे दात यायच्या वयात हिरडीत हाड भरायची शस्त्रक्रिया, असा हा लांबचा रस्ता आहे. डॉक्टर तातडीचं म्हणत नसतील तर आल्या आल्या तिला ऑपरेशन टेबलवर झोपवू नका. आधी तिला कळू दे की भूल उतरल्यावर शेजारी कोण बसलेलं असणार आहे. पण तुमच्या भागातल्या मोठ्या बालरुग्णालयाच्या क्लेफ्ट टीमला आत्ताच तिचे अहवाल पाठवून पहिल्या भेटीची विचारणा करून ठेव. वेटिंग तिथेही असतं.

तुझी,
ताई